दुखत नाही, जाणवतं

माझ्या मामाला तीन वर्षांत एकदाही दुखलं नाही. त्याला नुसतं जाणवायचं.

"मामा, पाठ दुखतेय?"

"दुखत नाही गं. जाणवतं."

हे 'जाणवतं' म्हणायची एक पद्धत होती. आधी नाकातून थोडी हवा सोडायची. मग डावा हात कमरेवर ठेवायचा, पण असा की बघणाऱ्याला वाटावं, माणूस रुबाबात उभा आहे. आणि मग शब्द हलकेच टाकून द्यायचा, कुणी बाहेर ऊन आहे का विचारल्यासारखा. 'जाणवतं'खेरीज 'आखडलंय' होतं, 'हवा लागली' होतं, 'झोपेत मान चुकली' होतं. शिवाय 'ही खुर्ची बसकी आहे', 'ही गादी कुणी आणली' आणि 'बूट नवे आहेत ना'. बूट पाच वर्षांचे होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगण, जिना, खुर्ची, गादी, सगळंच वाकडं होतं. सरळ होता तो फक्त मामा. अगदी सरळ, कारण त्याला वाकताच यायचं नाही.

आणि मामा शिंपी आहे. त्यातही पँट शिवणारा. म्हणजे निम्मं आयुष्य लोकांच्या पायाशी.

तळमजल्यावर दोन खोल्यांचं दुकान आणि वर आम्ही राहतो, मामा, मामी, माझी आई आणि मी. दुकानाच्या पुढच्या खोलीत उंच आरसा आणि कापायचं लांब टेबल. मागच्या खोलीत खिडकीशी दोन मशिनी, एक मामाची, एक मामीची. कोपऱ्यात स्टुलावर काजवाली मावशी. काजं, बटणं, तुरपाई ही तिची कामं. ती दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसते आणि त्या न काढता बोलते, त्यामुळे प, फ, ब, भ, म ही अक्षरं तिच्या भाषेत नाहीत. पँटला ती 'हँट' म्हणते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं बाई परदेशी आहे.

शर्ट मामी कापणार, पँट मामा कापणार, ही वाटणी सत्तावीस वर्षांची. मामीने कितीदा तरी म्हणून पाहिलं, "एखादी पँट मला कापू द्या ना. हात काय शर्टाला वेगळा आणि पँटला वेगळा असतो?" मामाचं उत्तर ठरलेलं. "अगं, शर्ट म्हणजे बोलणं. पँट म्हणजे चालणं." याचा अर्थ त्यालाही माहीत नसावा, पण म्हणायचा असं की पुढे विचारायची सोय राहू नये.

पाठीचं झालं ते तीन वर्षांपूर्वी. मशीन खिडकीकडे सरकवताना उचलली आणि पाठीत काहीतरी कट्कन झालं. महिनाभर औषधं झाली, फोटो निघाले, मग व्यायामवाल्या डॉक्टरीण बाईंकडे पाठवलं. त्या एकेक शब्द चमच्याने भरवल्यासारखा बोलतात. त्या म्हणाल्या, "हे पूर्ण जाईल, असं मी सांगणार नाही. पण याच्याबरोबर नीट राहता येतं. ते शिकायला दर आठवड्याला या."

घरी आल्यावर मामीने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जाईल म्हणाल्या."

झालं. पुन्हा काही तो तिकडे फिरकला नाही. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, असं म्हणून मामी मुंगीची वाट बघत बसली. मुंगीचा मात्र निघायचा विचार नव्हता.

त्याने हे का लपवलं, ते मला आईकडून कळलं. मामा ज्यांच्याकडे काम शिकला ते म्हातारे मास्तर मोठ्या दुकानात माप घ्यायचे. त्यांचे गुडघे गेले. एकदा एका गिऱ्हाइकासमोर ते खाली बसले आणि उठताच येईना, दोघांनी धरून उठवलं. मालक तेव्हा काही बोलला नाही. आठवड्याने त्यांना बटणांवर बसवलं. मग दारात, येणाऱ्याला 'या, या' म्हणायला. मग एक दिवस ते आले नाहीत आणि दुपारपर्यंत ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. 'मला वाकता येत नाही' हे वाक्य एकदा तोंडातून निघालं की आपणही बटणांवर, मग दारात, मग कुठेच नाही, असं त्याने तेव्हाच मनाशी शिवून टाकलं होतं. दुहेरी टाक्याने.

तर अशात आमच्याकडे बँड आला.

शहराच्या बागेत रविवारी संध्याकाळी वाजवतात तो बँड. अकरा जण. त्यांचे प्रमुख आत आले तेच छाती पुढे काढून. माणूस दोन शब्द बोलतो आणि थांबतो, जणू मागून ढोल वाजायचा आहे.

"अकरा पँटी. निळ्या रंगात. बाजूला लाल पट्टी. रविवारी बागेत. साडेपाच वाजता."

"होतील," मामा म्हणाला.

"आधी घालून बघायला—"

"माझ्या मापाला ट्रायल लागत नाही."

हेही वाक्य सत्तावीस वर्षांचं. प्रमुख खूश झाले. "काम आवडलं. तर थंडीचे. कोटही तुमचेच."

कोट म्हणताच मामीने मशीन थांबवली.

बुधवारी अकराही जण मापाला आले. मी कापायच्या टेबलाच्या टोकाला भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते. भूमिती माझी झाली नाही, पण मामाची बघितली. पूर्वी मामा उंची घ्यायचा ती गिऱ्हाइकाच्या पायाशी एक गुडघा टेकून. आता तसं नव्हतं. तो उभ्या उभ्या टेपचं टोक खाली सोडायचा, बुटाच्या चवड्याने ते टोक गिऱ्हाइकाच्या टाचेशी ढकलायचा, त्यावर पाय दाबायचा आणि टेप कमरेपर्यंत ताणून वरचा आकडा वाचायचा. मग खाली एक ओझरती नजर, वहीत खरडणं आणि "पुढचे!"

मापवहीला तो कुणालाही हात लावू द्यायचा, पण लिहू द्यायचा नाही. पेन्सिल फक्त त्याची.

प्रमुखांनी पहिला नंबर लावला होता. मग बासरी, मग क्लॅरिनेटवाल्या बाई, मग दोन्ही भोंगे. सातव्या माणसापर्यंत मामाच्या कपाळावर घाम आला होता आणि पाय ठेवणं कमी आणि आपटणं जास्त झालं होतं. शेवटी आले मोठ्या ढोलाचे काका. देवाने ढोल बघून माणूस केला की माणूस बघून ढोल, कोण जाणे. मामाने धाडकन पाय आपटला.

"काय मास्तर, झुरळ होतं?"

"होतं. मेलं."

"दुकानात झुरळं हार झालीत," कोपऱ्यातून काजवाली मावशी म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी शाळेत निघाले तेव्हा दुकानातून मामीचा आवाज आला. आत जाऊन बघते तर मामा कापायच्या टेबलाखाली उताणा.

"अहो, खाली काय करताय?"

"टेबलाचा पाय बघतोय."

"झोपून?"

"पाय खालीच असतो."

"मग बघून झाला असेल तर उठा."

एक गुडघा उचलला गेला, पुन्हा सरळ झाला. मग टेबलाखालून, "जमीन छान गार आहे."

आम्ही तिघींनी मिळून त्याला वर नेलं. मी, मामी आणि मावशी. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तो आम्हाला समजावत होता की तो स्वतः चालतोय, आम्ही उगाच धरलंय. मामीने गोळी दिली. तो झोपला. निळं कापड टेबलावर पसरलेलं होतं, वही शेजारी उघडी होती आणि रविवार तीन दिवसांवर होता. मामीने पदर खोचला, वहीतले आकडे बघितले आणि कात्री उचलली.

शाळेतून आले तेव्हा मामाला नुकती जाग आली होती. मामी हातातला खडू झटकत वर आली. एवढी खूश मी तिला पाहिलीच नव्हती.

"अकराही कापल्या!"

मामाचे डोळे टक्क उघडले. "वहीतल्या मापानेच?"

"मग काय टेलिफोनच्या यादीतल्या?"

मामाने तोंड उघडलं. मी बघत होते ना, चांगलं उघडलं होतं, आत शब्दही दिसत होता जवळजवळ. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मामीच्या खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"बरं केलंस."

मामी खाली गेल्यावर तो छताकडे बघत स्वतःशी पुटपुटत होता. "बँडवाले बूट उंच घालतात. कापड धुतल्यावर आटतं. लाल पट्टीने जरा वर ओढलं जातं." मला काही कळलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं तो डोळे मिटून पडला.

शनिवारपर्यंत पँटी शिवून झाल्या. प्रत्येक पँटची इस्त्री मामीने स्वतः केली, मावशीला हात लावू दिला नाही. "सत्तावीस वर्षांनी मिळाली कात्री," ती म्हणाली, "घडी तरी माझी मला घालू दे." रविवारी सकाळी मावशी गठ्ठा बागेत देऊन आली.

साडेपाचला आम्ही सगळे बागेत. मामा झाडाला टेकून, रुबाबात. बागेच्या मधोमध दगडी चौथरा आहे, साधारण माणसाच्या छातीएवढा उंच. त्यामागच्या खोलीत बँड कपडे बदलतो आणि पायऱ्यांनी रांगेत वर येतो. आधी प्रमुख आले. पँट जरा बुटावर पडलेली, पण चालून गेलं. मग बासरी आली, तिची टाच दिसेना. क्लॅरिनेटवाल्या बाई पाय न दिसता घरंगळत आल्यासारख्या आल्या. भोंगेवाल्यांनी एका हाताने भोंगा आणि दुसऱ्या हाताने पँट धरली होती. लोक हसायला लागले. प्रमुखांना वाटलं लोक खूश आहेत, त्यांनी वाकून मानवंदना दिली. तेवढ्यात शेवटचे ढोलकाका पायरी चढले ते स्वतःच्याच पँटवर, आणि ढोलासकट आडवे झाले. ढोल वाजला. त्या संध्याकाळचा तो सगळ्यात मोठा ठोका.

काकांना काही लागलं नाही. उठून त्यांनीच टाळ्या घेतल्या. पण माझं हसू मामीकडे बघून जिरलं. ती स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

रात्री जेवताना ती म्हणाली, "तुमचं खरं होतं. पँट मला नाही जमत. हात गेला माझा. यापुढे शर्टही तुम्हीच कापा."

मामाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

सोमवारी दुकान उघडताच प्रमुख हजर. काखेत निळा गठ्ठा. मागे ढोलकाका, बहुतेक साक्षीदार म्हणून. गठ्ठा टेबलावर आपटला.

"हे काय. मास्तर. शहरभर हसं. कुणी कापल्या?"

"मी," मामी म्हणाली. मान खाली. "माझी चूक झाली."

"वाटलंच मला! भलत्या हातात. कात्री दिली. की असंच होणार!"

मामी आयुष्यात कुणाचं ऐकून घेत नाही. भाजीवाला, विजेच्या बिलाचा माणूस, माझी मुख्याध्यापिका, सगळ्यांना तिने पाणी पाजलंय. त्या दिवशी ती नुसती टाचणी उशीत खुपसत राहिली. काढायची आणि खुपसायची.

मामा मशिनीवरून उठला. उठला म्हणजे आधी दोन्ही हात मशिनीवर, मग श्वास, मग एक बाजू, मग दुसरी. एरवी हे तो कुणी नसताना करायचा. आज सगळ्यांदेखत केलं.

"कात्री बरोबर होती. माप खोटं होतं."

"अहो, गप्प बसा," मामी म्हणाली. तिला वाटलं तो तिला वाचवायला बोलतोय.

"तू गप्प बस. प्रमुख, मला वाकता येत नाही. टेपवर पाय देऊन मी माप घेतो. जेवढी टेप बुटाखाली जाते तेवढं माप वाढतं. ते मी कापताना वजा करतो. हिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर ही काय वजा करणार?"

"वाकता का येत नाही?" प्रमुखांनी विचारलं. पहिल्यांदाच न थांबता.

मामाने नाकातून हवा सोडली. हात कमरेकडे गेला. मला वाटलं, आलं आता 'जाणवतं'.

"दुखतं," मामा म्हणाला. "तीन वर्षं दुखतंय. रोज दुखतं. आत्ताही दुखतंय."

मावशीने चक्क तोंडातल्या टाचण्या काढल्या.

मामा मान ताठ करून उभा होता, जणू आता कुणीतरी येऊन त्याला दारात नेऊन बसवणार. पण बोलले ते ढोलकाका.

"एवढंच ना? मग सांगायचं की हो! माझा हा खांदा बघा. चौदा वर्षं ढोलाचा पट्टा. हात इथवर जातो, याच्यावर नाही जात. केस विंचरतो ते मान खाली नेऊन."

"अन् माझी बोटं," मावशी म्हणाली. तिच्या तोंडून 'म' ऐकून आम्ही दचकलोच. "सकाळी मूठ मिटत नाही. गरम पाण्यात धरते तेव्हा कुठे बटण सापडतं."

प्रमुख काहीतरी कडक बोलायला आले होते, ते तोंडात घोळवत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला कोपराला होतं. काठी हलवून. डावीकडचे भोंगे. बरेचदा अंदाजानेच. वाजवतात."

"म्हणूनच ते पुढे जातात होय!" ढोलकाका म्हणाले.

मामाने मापवही उघडून दाखवली. प्रत्येक उंचीच्या आकड्याशेजारी समासात बारीक ठिपके. मामीला इतकी वर्षं ते पेन्सिलचे डाग वाटायचे. एक ठिपका म्हणजे अर्धा इंच. किती टेप बुटाखाली गेली, तेवढे ठिपके. कमी दुखत असलं की पाय नेमका पडायचा आणि कमी टेप दबायची. जास्त दुखलं की पाय पडेल तिथे पडायचा. प्रमुखांसमोर दोन ठिपके. बासरीसमोर तीन. ढोलकाकांसमोर सहा.

"म्हणजे मी पडलो तो तीन इंचांवरून," काका म्हणाले.

"मला ठिपके नकोत. माप हवं. खरं माप," प्रमुख म्हणाले. "कसं घेणार?"

मामाच्या चेहऱ्यावर पुन्हा ते दारात बसवण्याचं आलं. उत्तर मामीने दिलं, तेही कुणाकडे न बघता, गठ्ठ्यातल्या पँटी उलगडत. "शिंप्याला खाली जाता येत नसेल तर गिऱ्हाइकाला वर चढवायचं. त्यात काय? तुमचा तो दगडी चौथरा आहे ना बागेत? त्याच्या काठावर उभे राहा ओळीने. हे खाली खुर्चीत बसतील. पँटचं टोक बरोबर नाकासमोर येईल. लांब झाल्यात हे नशीब समजा. आखूड झाल्या असत्या तर चौथरा काय, डोंगरावर चढून उपयोग नव्हता."

मग ती मामाकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, आणि हा आवाज मला अजून काढता येत नाही, "दुखतं ते मला माहीत होतं. मी काय आंधळी आहे? पण वही खोटी आहे हे माहीत नव्हतं. तुमच्या आकड्यावर डोळे मिटून कात्री चालवली मी. अन् काल रात्री जेवतानासुद्धा बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"दोन दिवस माझ्याशी बोलू नका."

ती दीडच दिवस टिकली, कारण बुधवारी बाग होती. अकरा जण चौथऱ्याच्या काठावर ओळीने उभे, लांब निळ्या पँटी घालून. खाली मामा खुर्चीत, पाठीला उशी, तोंडात टाचण्या. खुर्ची एकेका माणसापुढे सरकवायचं काम मामीचं. पँटचं टोक दुमडायचं, टाचणी लावायची, थोडं मागे टेकून बघायचं, "पुढचे!" एका आईबरोबर चाललेलं पोर थांबलं आणि म्हणालं, "काका, बूट पॉलिशला किती वेळ लागतो?" मामा म्हणाला, "हाच हिनिटं." टाचण्या होत्या ना.

पुढच्या रविवारी अकराच्या अकरा जोड बूट दिसत होते. ढोलकाकांनी पायरी चढताना पाय उचलून लोकांना दाखवला. कोटांचं प्रमुखांनी लगेच काही कबूल केलं नाही. "आधी बघू. थंडी तर येऊ दे," एवढंच. पण आठवड्याने स्वतःचा एक कोट सैल करायला टाकून गेले.

सुताराकडून दुकानात आरशासमोर लाकडी चौथरा करून घेतला, दोन पायऱ्यांचा. आता मामा गिऱ्हाइकाला सांगतो, "वर चढा साहेब, मला पाठीचं दुखणं आहे." पहिल्यांदा हे म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. गिऱ्हाईक नुसतं "हो का?" म्हणून चढलं आणि आरशात स्वतःला बघण्यात गुंगलं. उंचावर उभं राहिलं की माणूस स्वतःला फार बरा दिसतो, हे तेव्हा आम्हाला कळलं. काही जण माप झाल्यावरही उतरत नाहीत.

पण आता मामाचं निराळंच सुरू झालंय. इतकी वर्षं दाबलेलं एकदम सुटल्यावर काय होणार? दूधवाल्याला सांगतो, कुठे दुखतं. पोस्टमनला सांगतो, कधी दुखतं. परवा चुकीचा फोन आला तर त्यालाही सांगितलं. मामी म्हणते, "यापेक्षा ते जाणवायचं तेच बरं होतं."

डॉक्टरीण बाईंकडे मामा परत गेला, मामीला बरोबर घेऊन, म्हणजे या खेपेला ऐकायला चार कान. बाईंनी वाक्य पुन्हा तसंच चमच्याने भरवलं, मामाने या वेळी ते पूर्ण गिळलं. दुखणं जाणार नाही. त्याच्याबरोबर राहायचं कसं ते शिकायचं. वाटेत मामी रडली आणि मामा चक्क शीळ घालत आला. मी विचारलं, "जाणार नाही म्हणाल्या आणि तू शीळ घालतोस?" तर म्हणाला, "अगं, तीन वर्षं रोज सकाळी बघत होतो, गेलं का, गेलं का. दमलो होतो बघून. आता बघायला नको."

बाईंनी विचारलं होतं, कोणत्या दिवशी जास्त दुखतं, कशाने वाढतं, आठवतं का काही? आठवायचं कशाला, वही होती. म्हणून कालची दुपार दुकान बंद ठेवून दोघं वही घेऊन बसली. मामी तारीख वाचायची, ठिपके मोजायची, खोटा आकडा खोडून मामाने सांगितलेला खरा लिहायची. हो, पेन्सिल मामीच्या हातात होती. मी बाईंसाठी वेगळ्या कागदावर तारखा आणि ठिपके उतरवत होते.

"दोन ठिपके. तीन. दोन. एक, हा दिवस बरा दिसतोय."

"त्या दिवशी सकाळी चालून आलो होतो."

"चार. पाच. हे काय, सात? सात ठिपके? साडेतीन इंच?" मामीने तारीख पुन्हा बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "या दोघी इथे राहायला आल्या त्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे."

मला आठवलं. लोखंडी कपाट, पुस्तकांच्या पेट्या, आईची शिवणाची टोपली. मामाने कुणाला हात लावू दिला नव्हता. एकेक पायरी चढताना तो गाणं म्हणत होता आणि आम्हाला वाटलं होतं, आम्ही आलो म्हणून खूश आहे.

"खूश होतोच," मामा म्हणाला. "दुखतही होतं. दोन्ही."

मामीने तो आकडा खोडला, शेजारी खरा लिहिला, पान उलटलं. "मूर्ख आहात तुम्ही," एवढं तीन पानांनंतर म्हणाली.

उन्हं खिडकीतून टेबलावर आली तेव्हा वही संपली. मामीने ती मिटली, खडूची भुकटी फुंकली आणि उठत म्हणाली, "चला. वर जाऊ. चहा टाकते."

मामाने दोन्ही हात टेबलावर ठेवले, उठायला म्हणून. मग तसेच काढून घेतले.

"थांब जरा," तो म्हणाला. "आत्ता दुखतंय. पाच मिनिटांनी उठतो."

मामीने परत स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसली. पाच मिनिटांची दहा झाली. कुणालाच घाई नव्हती.